पत्रक नसलेली अळंबी

घरात धडधाकट बाथरूम असताना आख्ख्या कुटुंबाने टॉवेल खांद्यावर टाकून शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं, असे दिवस माणसावर दोनच कारणांनी येतात. एक तर नळ फुटतो, नाहीतर घरात कुणाला तरी कल्पना सुचते. नळ फुटला तर प्लंबर येतो. कल्पनेला प्लंबर नसतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रूफरीडरला कल्पना सुचली होती.

हा प्रूफरीडर ज्या छापखान्यात होता, तिथे औषधाच्या खोक्यात घालायची पत्रकं छापत. तीच ती, पातळ कागदाची, मुंगीएवढ्या अक्षरांची, एकदा उलगडली की ब्रह्मदेवालाही पुन्हा तशी घडी घालता येत नाही अशी. ती शेवटपर्यंत वाचणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर हा एकटाच, आणि तोही पगार मिळतो म्हणून. अकरा वर्षं वाचून वाचून त्याला इतकं ज्ञान झालं होतं की इमारतीत त्याला सगळे ‘अर्धे डॉक्टर’ म्हणत. त्याला ते कौतुक वाटे. अर्धं होतंही.

खोड एवढीच, की छापखान्यातलं काम तो तोंडात धरून घरी येई. मीठ मागावं इतक्या सहज जेवताना म्हणे, “आज कानात घालायच्या थेंबांचं पत्रक होतं. दुष्परिणाम काय, तर कान दुखणे.” बायको शाळेत गणित शिकवत असल्यामुळे कुणी बोलत असताना न ऐकण्याची तिला सवय होती. पण आई ऐके. आई घास हातात धरून ऐके.

त्यामुळे डॉक्टरांनी आईचं रक्त तपासून “आठ पॉइंट चार आहे, अकरा तरी हवं, लोहाच्या गोळ्या घ्या,” असं सांगितलं, तेव्हा घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. प्रूफरीडरने खोकं उघडलं. गोळ्या बाजूला ठेवल्या आणि पत्रक उलगडलं.

“अरे वा! हे आमच्याकडचंच,” तो म्हणाला. “मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता, क्वचित जुलाब.”

“दोन्ही?” आई म्हणाली.

“काय दोन्ही?”

“बद्धकोष्ठता आणि जुलाब. एकाच माणसाला?”

“क्वचित,” प्रूफरीडर प्रामाणिकपणे म्हणाला.

आईने खोकं मिटलं आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. मग तिने जो नियम केला त्यावर ही सगळी कथा उभी आहे. ती म्हणाली, “ज्याच्याबरोबर पत्रक येतं ते मी तोंडात घालणार नाही. ज्याच्याबरोबर येत नाही असं काही आण. दोन घास जास्त खाईन.”

आता आठ पॉइंट चार हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण जिन्यात तो फार मोठा होतो. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आईची थोरली बहीण राहत होती. मधे फक्त रस्ता. चाळीस पावलं. मावशीचं कंबरेचं हाड मोडून जुळलेलं, त्यामुळे तिला तीन मजले चढणं शक्य नव्हतं. आई उतरली असती, पण उतरलेल्या माणसाला पुन्हा चढावं लागतं, आणि चढताना दर चौथ्या पायरीला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. शेवटची गेली तेव्हा येताना ती जिन्यात मटकन बसली होती. त्याला आठ महिने झाले.

तेव्हापासून दोघी बहिणी आपापल्या गॅलरीतून बोलत. म्हणजे ओरडत. फोन होते, पण मावशीचं म्हणणं असं की फोनवर माणूस दिसत नाही आणि दिसायच्या फोनवर नुसतं कपाळ दिसतं. त्यामुळे “पोट साफ झालं का गं?” हा प्रश्न रोज सकाळी रस्त्यावरच्या पन्नासेक लोकांना लागू होई. टपालवाला तर सवयीने “हो” म्हणून पुढे जाई.

आईला जगाकडून फार काही नको होतं. एकदा समोर जावं, बहिणीच्या शेजारी टेकावं आणि हळू आवाजात बोलावं. आठ महिन्यांत दोघींची एकही खासगी गोष्ट झाली नव्हती.

हे प्रूफरीडरला कळत होतं. आणि तिच्या पायात बेडी आपल्या जिभेने घातली, हेही कळत होतं. दुसऱ्याच्या चुका शोधण्यावर ज्याचं पोट आहे, त्याला स्वतःची सापडली की फार लागते.

अशात एके दिवशी छापखान्यात त्याच्या टेबलावर एक नवं पत्रक आलं. ‘खनिजसमृद्ध औषधी अळंबीची भुकटी, पूरक आहार म्हणून.’ त्यात लिहिलं होतं की अळंबी ज्या भुशावर वाढते त्यातली खनिजं स्वतःत ओढून घेते. प्रूफरीडरच्या हातातली लाल पेन्सिल थांबली. भुशाला लोह पाजायचं. भुशाचं लोह अळंबी पिणार. अळंबी आई खाणार. आणि घरच्या अळंबीला पत्रक कुठलं?

शनिवार-रविवार त्याने अळंबी लागवडीचा वर्ग केला. शिकवणारे अळंबीवाले सर स्वतःही थोडे फिकट आणि ओलसर होते. ते म्हणाले, “खोली थंड हवी, दमट हवी, ऊन नको, भिंती धुता याव्यात आणि माणसांची वर्दळ नको.”

हे वर्णन घरी येऊन त्याने बायकोला वाचून दाखवलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या त्या घरात असा महाल कुठून आणायचा?

“बाथरूम आहे ना,” बायको म्हणाली.

हा टोमणा होता. पण प्रूफरीडर लोकांना टोमणा कळत नाही. ते फक्त वाक्य बरोबर आहे का बघतात, आणि वाक्य बरोबर होतं.

पेंढा आला तो संध्याकाळी, चार पोत्यांतून, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपली आठवण ठेवत. तळमजल्यावर सोसायटीचे चेअरमन राहत. ते दार उघडून उभेच होते.

“अर्धे डॉक्टर, गुरं पाळताय?”

“नाही हो. अळंबी.”

“अळंबी म्हणजे बुरशीच ना?”

“शास्त्रीयदृष्ट्या हो.”

“गेल्या वर्षी बुरशी घालवायला आख्खी इमारत रंगवली आपण,” चेअरमन म्हणाले. “आणि तुम्ही ती दोरीला टांगून वाढवणार?”

दुसऱ्या दिवशी खाली फलकावर सूचना लागली: ‘तिसऱ्या मजल्यावर बुरशी आहे. ती परवानगीने आहे. तक्रार करू नये.’ चेअरमन नियमाने चालणारे, पण मनाने उमदे गृहस्थ होते.

सरांनी खायला चालेल असा लोहाचा क्षार कुठे मिळतो ते सांगितलं होतं. त्याच्या पाण्यात पेंढा रात्रभर भिजला आणि बाथरूमच्या पांढऱ्या फरशीला असा काही तांबूस रंग चढला की बायको दारातूनच परत फिरली. उकळलेल्या पाण्यातून काढलेला पेंढा निथळला, थरावर थर देत त्यात अळंबीचं बियाणं घातलं, भोकं पाडलेल्या बारा पिशव्या भरल्या आणि त्या टॉवेलच्या दांडीला टांगल्या. बाथरूम कसायाच्या दुकानासारखं दिसू लागलं. फक्त बकरे शाकाहारी होते.

“आता साबण नाही, वाफ नाही, वर्दळ नाही,” प्रूफरीडरने जाहीर केलं. “फक्त दिवसातून चारदा फवारा.”

“आणि आपण?” बायकोने विचारलं.

या प्रश्नाचा विचार त्याने केला नव्हता. मोठ्या शोधांचं असंच असतं, आंघोळीचा भाग राहून जातो. शौचालय वेगळं होतं हीच देवाची कृपा. शेजारचा फ्लॅट कुलूपबंद. राहिले ते खालचे मजले.

बायकोने मोजपट्टी घेतली आणि शाळेत करतात तसं वेळापत्रक आखलं. सहा दहा, बायको, पहिला मजला, शिंपीकाका. सहा चाळीस, प्रूफरीडर, तळमजला, चेअरमन. सात वीस, आई, दुसरा मजला, मेट्रनबाई. खाली तळटीप, ‘यजमान गावाला गेल्यास बदली तास लागेल.’ मग ती स्वतः तिन्ही घरी जाऊन विचारून आली. गंमत म्हणजे कुणीही नाही म्हटलं नाही. शिंपीकाका तर म्हणाले, “अहो, या ना! पाणी काय, नळालाच येतं.”

प्रश्न आईचा होता. पण मेट्रनबाईंनी तो प्रश्न म्हणून घेतलाच नाही. बत्तीस वर्षं दवाखान्यात मेट्रन म्हणून काढलेल्या त्या बाई पहिल्या सकाळी सात अठराला स्वतः वर आल्या.

“चला.”

“मला जिना झेपत नाही हो,” आई म्हणाली.

“एक मजला आहे, डोंगर नाही. उतरताना मी पुढे, चढताना मी मागे. पडलात तर माझ्यावर पडाल. मी पडत नसते.”

आई गेली. तासाभराने धापा टाकत, पण केस विंचरून परत आली. येताना दोनदा बसली, असं म्हणाली. आठवड्याने एकदाच बसली.

इकडे तीन आठवड्यांत पिशव्यांमध्ये पांढरं जाळं पसरलं आणि चौथ्या आठवड्यात भोकांतून इवली इवली टोपडी डोकावली. सकाळी टाचणीएवढी होती ती संध्याकाळी बोटाएवढी. दोन दिवसांत बाथरूमभर राखाडी कान लटकले. प्रूफरीडर दार किलकिलं करून उभा राही आणि बाराही पिशव्या त्याचं ऐकून घेत आहेत असं त्याला वाटे. घरात हा अनुभव नवीन होता.

पहिली भाजी झाली. आईने घास उचलला आणि थांबली.

“याच्यात पत्रक नाही ना?”

“नाही.”

“दुष्परिणाम?”

“कुणी लिहिलेलेच नाहीत,” प्रूफरीडर म्हणाला.

आईने वाटी संपवली, आणखी मागितली आणि गॅलरीत जाऊन रस्त्याला सांगितलं, “अगं, पोराने बाथरूममध्ये पिकवलंय! छान लागतंय!” रस्त्यावरची काही माणसं जरा जोरात चालू लागली.

पीक मात्र घरात मावेना. मग ज्याच्याकडे आंघोळ त्याच्याकडे वाटी, असा रिवाज पडला. शिंपीकाकांनी सगळ्या पिशव्यांच्या गाठी नापास केल्या आणि नव्या बारा पिशव्यांना तोंडाशी नाड्या शिवून दिल्या. अंगरख्याला घालतात तशाच, दुहेरी टाक्याच्या. चेअरमन सुरुवातीला “बुरशी मी खात नाही” म्हणाले आणि नंतर तळमजल्यावरून विचारू लागले, “आज काही उगवलं का?”

अशात मेट्रनबाईंचा नळ बिघडला. वेळापत्रकात खाडाखोड होऊन आईची पहिल्या मजल्यावर बदली झाली, आणि बायको दुपारी शाळेतून आल्यावर आंघोळ उरकू लागली. आई दोन मजले उतरू-चढू लागली, मधे मेट्रनबाईंकडे चहाला टेकत. महिन्याभराने शिंपीकाकांची बादली गळायला लागली.

“दुसरी बादली नाही?” प्रूफरीडरने विचारलं.

“आहे ना,” शिंपीकाका म्हणाले आणि जरा गोंधळले. “तीही गळते.”

आई तळमजल्यावर गेली. तळमजला प्रूफरीडरचा होता, त्यामुळे तो अधांतरी झाला आणि छापखान्यात हातपाय धुऊन राहू लागला. एका घरात नळ, दुसऱ्यात दोन-दोन बादल्या, असं आख्ख्या इमारतीचं नशीबच फुटावं याचं त्याला वाईट वाटलं. त्याने दोन्ही घरी जास्तीची अळंबी पाठवली.

आईच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता. प्रूफरीडर ऐटीत डॉक्टरांकडे गेला.

“अळंबी द्या खुशाल,” डॉक्टर म्हणाले. “पण तिच्यात लोह किती आहे? मला आकडा आणा.”

आकडा सरकारी प्रयोगशाळेत मिळत होता. तिथल्या खिडकीवरच्या बाईंनी डबा उघडून बघितला, बंद केला आणि परत सरकवला.

“खासगी माणसाची अळंबी आम्ही तपासत नाही. संस्था लागते.”

“मी आईसाठी वाढवलीय हो.”

“आई संस्था आहे का?”

प्रूफरीडरने विचार केला. तशी होती. पण नोंदणी नव्हती. मग नोंदणीचा अर्ज झाला. ‘पूरक आहार, गृहोद्योग’ असा. अर्जामागे जोडपत्रं, जोडपत्रांमागे झेरॉक्स आणि झेरॉक्सांमागे एक दिवस स्वतः निरीक्षक जिना चढून आले. घामाघूम झालेला, वहीशी एकनिष्ठ असा माणूस.

“उत्पादन कक्ष?”

प्रूफरीडरने बाथरूमचं दार उघडलं. निरीक्षक आत वाकले. बारा पिशव्यांनी त्यांचं ऐकून घेतलं.

“स्वच्छ आहे,” ते जरा नाराजीने म्हणाले. “कर्मचारी किती?”

“तीन. मी, बायको, आई.”

“कर्मचाऱ्यांसाठी स्नानगृह आहे?”

“होतं,” प्रूफरीडर म्हणाला.

“म्हणजे?”

“आपण आत्ता त्यातच उभे आहोत.”

निरीक्षकांनी वहीतला रकाना पाहिला. ‘उत्पादन कक्ष व स्नानगृह यांमधील अंतर.’ बराच वेळ पाहिला.

“शून्य लिहिता येत नाही,” ते म्हणाले. “किमान तीन मीटर लागतं.”

तेवढ्यात बायकोने दारामागचं वेळापत्रक काढून त्यांच्या हाती दिलं. निरीक्षकांनी ते दोनदा वाचलं, तळटीप वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. नोकरीत इतका नीटनेटका कागद त्यांनी पाहिला नसावा. “स्नानगृहं तीन. खालच्या मजल्यांवर. पहिलंच तीन मीटरवर,” असं पुटपुटत त्यांनी रकाना भरला. “मोठ्या कारखान्यांतही एवढी सोय नसते हो.” मग उठता उठता म्हणाले, “पत्रक तेवढं जोडा.”

“कसलं पत्रक?”

“पूरक आहार म्हटला की माहितीपत्रक लागतं. घटक, वापर, दुष्परिणाम. त्याशिवाय क्रमांक पक्का होणार नाही. नमुना तपासायला आत्ता घेतो, पत्रक नंतर द्या.”

प्रूफरीडर दाराला धरून उभा राहिला. स्वयंपाकघरातून आई विचारत होती, “काय म्हणतायत साहेब? काही कमी आहे का?”

“नाही, नाही,” तो म्हणाला. “भरपूर आहे.”

आयुष्यात हजारेक पत्रकं वाचलेल्या माणसाला एक लिहिता येईना. रोज छापखान्यात तो कोरा कागद घेई, ‘दुष्परिणाम’ लिही आणि खोडी. आईच्या नियमात पळवाट नव्हती. पत्रक झालं की अळंबी बंद, अळंबी बंद की रक्त खाली, रक्त खाली की पुन्हा गॅलरी.

दोन कागद एकाच दिवशी हाती आले. पहिला आईचा. रक्त, अकरा पॉइंट दोन. प्रूफरीडरने तो कागद छापखान्यातल्या झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना दाखवला. दुसरा प्रयोगशाळेचा. अळंबीतलं लोह, ‘नगण्य, बाजारातील साध्या अळंबीइतकेच.’

त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि अकरा वर्षांच्या अनुभवाने निदान केलं. छपाईची चूक. जेवणाच्या सुट्टीत तो प्रयोगशाळेच्या खिडकीशी उभा होता.

“इथे आकडा गळलाय. होतं असं. टाइप करणाऱ्याची चूक नसते, मूळ प्रतीतच असतं.”

“काही गळलेलं नाही,” खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. “दोनदा तपासलंय.”

“पण आम्ही तीन महिने लोह पाजतोय तिला!”

“पाजलं म्हणून पितंच असं नाही ना,” बाई म्हणाल्या. “तुमच्याकडे मुलं आहेत का?”

फोनवर अळंबीवाले सरही तेच म्हणाले. साध्या फरशीने जेवढं लोह घेतलं तेवढंसुद्धा अळंबीने घेतलं नव्हतं. प्रूफरीडर त्या दिवशी घरी जेवताना अळंबीचा एकेक तुकडा उलटून बघत राहिला. तीन महिने स्वतःला ज्या कारणासाठी तो मनातल्या मनात हार घालत होता ते कारण ‘नगण्य’ निघालं. मग अकरा पॉइंट दोन आलं कुठून?

दुसऱ्या दिवसापासून वेळापत्रकाची नवी आवृत्ती लागली. त्यात प्रूफरीडरची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली होती. नळाचं काय, हे विचारायचंही त्याला भान नव्हतं. सहा चाळीसला तो मेट्रनबाईंच्या बाथरूममध्ये शिरला, अंगाला साबण लावला आणि नळ सोडला. धो धो पाणी आलं. आठ आठवडे बिघडलेल्या नळाला इतकं पाणी आलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

खिडकीचं तावदान खडखडू नये म्हणून फटीत एक कागद आठपदरी घडी करून ठोकला होता. पातळ कागद, मुंगीएवढी अक्षरं. त्याने डोळे चोळले, त्यात साबण गेला, तरी त्याला वाचता आलं. ‘मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता, क्वचित जुलाब.’ त्याने तपासलेलं पत्रक जगात पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलं होतं. त्याने मान वळवली. आरशाखालच्या फळीवर त्याच गोळ्यांचं खोकं आणि शेजारी भिंतीवर कॅलेंडर. रोजच्या तारखेवर लाल पेन्सिलीने एक बरोबरची खूण. तीन महिने. एकही दिवस गाळलेला नाही.

“आंघोळ झाली का?” बाहेरून मेट्रनबाईंचा आवाज आला.

“मेट्रनबाई,” प्रूफरीडर टॉवेल गुंडाळत दाराला तोंड लावून म्हणाला, “आईला गोळ्या तुम्ही देताय?”



“दिसलं वाटतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “तुमच्या डॉक्टरांना विचारून देते हो. मनाने नाही.”

“पण तिचा नियम! पत्रक!”

“विचारलं त्यांनी. पहिल्याच दिवशी. गोळी तळहातावर ठेवली, तर म्हणाल्या, पत्रक कुठंय? मी म्हटलं, आमच्या वॉर्डात पत्रक नसायचं, मी असायचे. घेतली मुकाट्याने.”

“आणि नळ?”

“नळाला काय झालंय?”

“तेच विचारतोय.”

“अहो, एकाच मजल्यावर किती दिवस ठेवणार त्यांना? एक मजला जमला की दुसरा. शिंपीकाकांना मीच सांगितलं, महिन्याने बादली गळू दे म्हणून. एक म्हणायचं ठरलं होतं. दोन कशाला म्हणाले कोण जाणे. खोटं बोलायची सवय नाही बिचाऱ्यांना.”

अंगावर साबण, डोळ्यांत साबण, कमरेला टॉवेल आणि मधे बंद दार, अशा थाटात प्रूफरीडर उभा होता. अपमान कुठून सुरू करावा हे त्याला कळेना. मग लक्षात आलं की डोळ्यांतून येतंय ते सगळंच साबणाचं नाही.

“मेट्रनबाई,” तो म्हणाला, “आभारी आहे.”

“दार उघडून म्हणा की.”

“कपडे घालून म्हणतो.”

त्याने कपडे घातले, बाहेर येऊन पुन्हा म्हटलं आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर जाऊन तेच म्हटलं. शिंपीकाका लाजून मशीन चालवत राहिले. चेअरमन म्हणाले, “मला कुणी कटात घेतलंच नव्हतं. घेतलं असतं तर सूचना लावली असती.”

त्या दिवशी छापखान्यात त्याने कोरा कागद घेतला आणि अर्ध्या तासात पत्रक लिहून टाकलं. शनिवारी सकाळी, आई खाली जायला निघाली तेव्हा, तिच्या हातात ठेवलं.

“हे अळंबीचं पत्रक. सरकारला हवंय. तुझा नियम मला माहीत आहे. तू म्हणशील तर फाडून टाकतो.”

आई दारातल्या खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि वाचू लागली. घरात एवढ्या वर्षांत पत्रक तिने ऐकलं होतं, वाचलं कधी नव्हतं.

‘घटक: अळंबी. लोह: नगण्य. वापर: आधी शेजाऱ्यांना द्यावी, उरल्यास घरी खावी. दुष्परिणाम: घेणाऱ्या व्यक्ती जिना उतरू लागतात. परत चढतातही. घरातील शहाण्या माणसाला आपण शहाणे नसल्याचं कळतं. हा त्रास सौम्य असून दोन-तीन दिवसांत जातो. इमारतीतील नळ व बादल्या यांत बिघाड झाल्याचं आढळल्यास घाबरू नये.’

आईने ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, “म्हणजे तुला कळलं.”

“कळलं. तू का नाही सांगितलंस?”

“तू इतक्या हौसेने फवारे मारायचास रे. तुला काय सांगायचं? आणि मला अळंबी आवडते, ते खोटं नव्हतं.” तिने हात पुढे केला. “तुझी पेन्सिल दे बघू. एक राहिलंय.”

प्रूफरीडरचा चेहरा पडला. त्याच्या कामात कुणी चूक काढली नव्हती, निदान लाल पेन्सिल मागून. आईने ‘वापर’च्या ओळीत, अक्षर जुळवत, चार शब्द घुसवले. ‘रोज गोळीसोबत, न विसरता.’

“आता बरोबर आहे,” ती म्हणाली. वाटीभर अळंबी पदराखाली घेतली आणि निघाली.

प्रूफरीडर गॅलरीत, तिच्या जागेवर, जाऊन उभा राहिला. दुसऱ्या मजल्यावर मेट्रनबाईंचं दार वाजलं, पहिल्यावर शिंपीकाकांचं मशीन क्षणभर थांबलं, तळमजल्यावर चेअरमननी काहीतरी सूचना केली. मग आई रस्त्यावर दिसली. आज ती आंघोळीला थांबली नाही. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, आणि चाळीस पावलं चालली. प्रूफरीडरने मोजली. बेचाळीस झाली. दोनदा ती थांबून वाटी सावरत होती.

समोरच्या गॅलरीत मावशी खुर्चीत होती. थोड्या वेळाने तिच्या शेजारी दुसरी खुर्ची आली आणि आई तीत टेकली. दोघींनी डोकी जवळ आणली. ओठ हलत होते, हात हलत होते, मधेच मावशीने तोंडावर पदर धरला. प्रूफरीडर कठड्यावरून पुढे वाकला, आणखी वाकला. एक शब्द ऐकू येईना. वर्षभरात त्याने इतकं सुंदर काही ऐकलं नव्हतं.

खालून टपालवाला आला. नेहमीच्या जागी येताच त्याची चाल मंद झाली. त्याने वर या गॅलरीकडे पाहिलं, त्या गॅलरीकडे पाहिलं, जरा वेळ वाट पाहिली. काहीच विचारलं गेलं नाही.

तरी आपलं “हो” म्हणाला, आणि पुढे गेला.